मनकवड्यासमोर जयवंता

बेळगावच्या वडगावात कुणाला ऐकू येतं आणि कुणाला येत नाही, हे कळायला वीज जावी लागते. एरवी गल्लीच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग धडधडत असतात, आणि त्या धडधडाटात ब्रह्मदेव येऊन ओरडला तरी त्याचं कुणी ऐकणार नाही. म्हणून इथली माणसं कानांच्या भानगडीतच पडत नाहीत. समोरच्याच्या ओठांकडं बघायचं आणि समजून घ्यायचं. या मागावरची बाई त्या मागावरच्या बाईला सासूची गाऱ्हाणी सांगते, ती खुदकन हसते, आणि मधे उभ्या असलेल्या पाहुण्याला वाटतं की दोघींना वेड लागलंय. पोरं चालायला शिकतात तशी हेही शिकतात. त्याचं इथं कुणाला कौतुक नाही.

जयवंता याच गल्लीत लग्न होऊन आली आणि जन्मभर मागावर उभी राहिली. कान कधी गेले ते तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. आधी मोबाईलची घंटी गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसांचे आवाज एकेक करून विझत गेले. पण ओठ वाचायची सवय इतकी मुरलेली की घरात कुणाला पत्ता लागला नाही. नवरा यल्लाप्पा स्वतःच निम्मा बहिरा. तो जगाशीच ओरडून बोलायचा. त्याच्या मिशा जरा वाढल्या की जयवंता त्याला न्हाव्याकडं पिटाळायची. मिशांत शब्द अडकतात हे खरं कारण तिनं कधी सांगितलं नाही. वीज गेली आणि गल्ली गप्प झाली, की ती काहीतरी काम काढून मागच्या दारी जायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तिनं ती घट्ट झाकली होती.

आता तर ती उघडून चालणारच नव्हतं, कारण माधवीचं लग्न ठरत आलं होतं. माधवी एकुलती एक पोर, शहापुरातल्या एका शाळेत क्लार्क. मुलगा निपाणीचा, नाव मंथन, जवळच्याच मच्छे गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलं होतं, फक्त मुलाच्या आईबापाचा शब्द यायचा होता. जयवंताला धास्ती होती ती वेगळीच. तिच्या मामेबहिणीच्या मुलीचं जमलेलं लग्न आजी बहिरी निघाली म्हणून मोडलं होतं. उद्या नातवंडंही तशीच निघाली तर, असं त्या लोकांनी तोंडावर विचारलं होतं. कान रक्तानं नाही, मागानं गेले, हे कुणाकुणाला पटवत बसणार? आपल्यापायी पोरीचं मोडू नये, एवढंच तिचं देवापाशी मागणं होतं.

निपाणीची मंडळी पहिल्यांदा घरी आली तेव्हा जयवंताची चांगलीच परीक्षा झाली. मंथनला दाढीमिशी. त्याची आई यशोदाबाई बोलताना पदर तोंडाशी धरणार. लहानपणापासून विड्या वळलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली साधी बाई, पण तिचा एक शब्द हाती लागेल तर शपथ. सुखाचा माणूस एकच, मुलाचे वडील परशरामअण्णा. तंबाखूच्या वखारीत हयात घालवलेले, गळ्याला कायम पांढरा रुमाल. मोबाईलचा त्यांना जरा नाद दिसला, पण बोलणं काय स्वच्छ. मिशी नाही, घाई नाही, एकेक शब्द ओठांवर नीट मांडून ठेवणार. चहात साखर किती घालू, असं तिनं विचारलं आणि त्यांनी दोन चमचे सांगितले. मग मागाचं विचारलं, सुताचं विचारलं. तिनंही भरभरून सांगितलं. त्या दिवसापासून तिच्या लेखी निपाणीच्या घरात एकच माणूस शहाणा होता.

मग निरोप आला. मंथनच्या कारखान्याचा कुटुंब मेळावा बेळगावच्या एका सभागृहात आहे, तिथं जादूचा आणि मन ओळखायचा खेळ ठेवलाय, तुम्ही सगळे या, खेळ संपला की आमचा शब्द सांगतो. माधवीनं हे आईला सांगितलं तेव्हा जयवंताला चार तास अनोळखी माणसांत बसायचं या विचारानंच घाम फुटला. पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? रविवारी दुपारी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून ती निघाली.

सभागृहाच्या दारातच परशराम भेटले. आज माग बंद ठेवून आला काय, असं त्यांनी विचारलं. जयवंता म्हणाली, सकाळी एक साडी उतरवली, उरलेलं उद्या. त्यावर ते म्हणाले, वखारीत असताना मला रविवार ठाऊकच नव्हता, आता रोजच रविवार. ती हसली. यशोदाबाई मात्र दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं टक लावून बघत राहिली. पुरुषमाणसाशी आपण जरा जास्तच बोललो, असं वाटून जयवंतानं पदर सावरला आणि मुकाट्यानं आत जाऊन बसली.

खेळ करणारा ओमकार नावाचा तरुण होता, काळा कोट घातलेला. स्वतःला मनकवडा म्हणवून घ्यायचा. निम्मं मराठीत, निम्मं कानडीत बोलायचा, आणि बेळगावच्या सभागृहात दोन्हीकडून टाळ्या घ्यायचं हे गणित त्याला बरोबर जमलं होतं. पण हातात माईक, आणि माईक ओठांसमोर. जयवंताला त्याचे नुसते डोळे आणि हात दिसत होते. त्यानं रिकाम्या पिशवीतून रेशमी रुमाल ओढले, एका माणसाच्या मनातला पत्ता ओळखला, कुणाच्या तरी जन्मगावाचं नाव फळ्यावर लिहिलं. सगळे हसले की ती हसायची, टाळ्या पडल्या की टाळी वाजवायची, फक्त अर्धा श्वास मागं. हे तिचं नेहमीचं तंत्र होतं.

तेच तंत्र नडलं. ओमकारनं काहीतरी विचारलं आणि सगळ्यांनी हात वर केले. जयवंतानंही केला. पण तो वर जाईपर्यंत बाकीचे खाली आले होते, कारण तोवर त्यानं दुसराच प्रश्न विचारला होता: माझ्यासमोर यायला कोण घाबरत नाही? सबंध सभागृहात हात एकच, इरकलीच्या काठाचा. माधवी कौतुकानं आईकडं बघत होती. दोन पोरं येऊन तिला हाताला धरून वर घेऊनही गेली.

रंगमंचावर दिव्यांनी डोळे दिपले. ओमकारनं माईकमधून काहीतरी विचारलं. पाहुण्याला आधी गाव विचारतात, या हिशेबानं ती म्हणाली, "वडगाव." लोक हसले. त्यानं पुन्हा विचारलं. आता नाव विचारत असणार, म्हणून ती म्हणाली, "जयवंता." यावर सभागृह खदखदून हसलं. पहिल्यांदा त्यानं नाव विचारलं होतं आणि दुसऱ्यांदा विचारलं होतं, तुमचा सर्वांत जास्त विश्वास कुणावर आहे?

तिसऱ्या रांगेत यशोदाबाई नवऱ्याच्या कानाशी वाकलेली तिला दिसली. यल्लाप्पानं मान खाली घातली होती. जयवंताला वाटलं, झालं. आता हा पुन्हा विचारेल, आपण पुन्हा चुकू, आणि पोरीचं सोनं आपल्या हातानं मातीत जाईल. तिचे डोळे भरून आले.

ओमकार तिच्याकडं क्षणभर बघत राहिला. मग त्यानं माईक खाली कमरेशी नेला आणि लोकांकडं पाठ करून तिच्या पुढ्यात उभा राहिला. त्याचे ओठ पहिल्यांदाच तिला मोकळे दिसले. पानाचा डाग नसलेले, स्पष्ट.

"आक्का, ऐकू येत नाही ना?" त्यानं नुसत्या ओठांनी विचारलं. "असू दे. माझ्या तोंडाकडं बघा. मी जे म्हणेन ते मोठ्यानं म्हणायचं. बाकी माझ्यावर सोडा."

मग तो वळून माईकमधून लोकांशी काहीतरी बोलला आणि हसणारं सभागृह एकदम शांत झालं. तो काय बोलला ते माधवीनं तिला नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, तुम्ही हसलात, पण खेळ केव्हाच सुरू झालाय. या आक्का वर आल्या तेव्हाच मी त्यांचे कान बांधून टाकलेत. आता माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही, पण माझं मन पोचतं का ते बघू. आणि ओठांची खूण केली असं कुणी म्हणू नये, म्हणून माझ्या तोंडाला कुलूप.

कारखान्याच्या एका अधिकारी बाईंनी कागदावर काहीतरी लिहून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते वाचलं, घडी घातली, पुन्हा पाठ फिरवून जयवंतासमोर उभा राहिला. सबंध सभागृहात त्याचं तोंड दिसत होतं ते तिला एकटीला.

"पिवळा," जयवंता म्हणाली.

बाईंनी तोंडात बोट घातलं. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आपल्या गावाचं नाव लिहून दिलं आणि जयवंता म्हणाली, "नंदगड." म्हातारा जागेवरून उठून उभाच राहिला. तिसरा शब्द एका कानडी बाईनं लिहिला. तो ओठांवर आला आणि जयवंता अडखळली. म, प आणि ब ओठांवर सारखेच दिसतात, तिथं भल्याभल्यांची फसगत होते. ओमकारच्या ते लक्षात आलं. पाठ लोकांकडं आहे याचा फायदा घेऊन त्यानं छातीशी दोन बोटं धरून हळूच वास घेतल्यासारखं केलं.

"मल्लिगे," ती म्हणाली, म्हणजे कानडीत मोगरा.

मग जे झालं ते तिला ऐकू आलं नाही, पण रंगमंचाच्या फळ्या तिच्या तळव्यांखाली थरथरल्या. माग चालू झाला की जमीन थरथरते तशीच. समोर माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. यल्लाप्पानं मान वर केली होती, आणि त्याची छाती अशी फुगली होती जणू बायकोला त्यानंच शिकवून पाठवलं होतं. ओमकारनं तिला वाकून नमस्कार केला. तिनं त्याच्याहून खाली वाकून केला. त्या घडीला तो देवळात भेटता तर तिनं त्याच्यापुढं नारळ फोडला असता.

खेळ संपला तसा बायकांचा गराडाच पडला. एकजण पोरगं पास होईल का विचारत होती. यशोदाबाई पदराआडून सगळ्यांना काहीतरी सांगत सुटली होती; माधवी म्हणाली, आई, तुझं मन गंगेसारखं निर्मळ आहे म्हणून तुला मनातलं कळतं, असं म्हणतायत त्या. जयवंता ओशाळी झाली. बाथरूमचं निमित्त काढून ती पडद्यामागं गेली. ओमकार पेटीत रुमालांच्या घड्या घालून ठेवत होता. तिला बघताच त्यानं हातातलं खाली ठेवलं आणि तोंड नीट तिच्याकडं केलं.

ती म्हणाली, "तुम्ही आज माझी अब्रू राखलासा. माझ्या पोरीचं लगीन मोडता ऱ्हायलं तुमच्यामुळं. पर तुमास्नी कळलं कसं?"

तो म्हणाला, सगळं सभागृह माझ्या हातांकडं बघत होतं, तुम्ही एकट्या तोंडाकडं. जादूगाराच्या तोंडाकडं कुणी बघत नाही, आक्का. मग तो हसून म्हणाला, खरं तर तुमच्या दुसऱ्या उत्तराला घाम मलाच फुटला होता. तुम्ही होतात म्हणून निभावलं. घरच्यांना ठाऊक नाही का, असंही त्यानं विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली, आणि सोयरिकीची सगळी हकीकत थोडक्यात सांगून टाकली. परक्या माणसाला सांगणं किती सोपं असतं.

त्यानं पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "मी लोकांना फसवतो, पण ते फसायलाच आलेले असतात आणि दोन तासांनी घरी जातात. तुमची माणसं जन्मभर तुमच्याकडं येत राहणार. माझा खेळ एवढा लांब चालत नाही."

जयवंता बाहेर आली ती हाच विचार घेऊन. मूठ आता सव्वा लाखाची काय, दोन लाखांची झाली होती. गप्प बसली तर सगळं निर्वेध पार पडणार होतं. पण उद्या त्या भोळ्या बाईनं आपल्याला मनातलं विचारलं तर काय सांगायचं? ज्याच्या घरी लेक द्यायची त्याच्या पानात खोटं कसं वाढायचं? एका परक्या पोरानं आपल्यासाठी एवढं केलं, आणि आपण आपल्याच माणसांना बनवायचं, हे तिच्या मनाला लागलं. सांगायचं तर आत्ताच, शब्द द्यायच्या आधी. मोडलं तर मोडलं.

आवारात गुलमोहराखाली परशराम एकटेच उभे होते. बाकीचे चहाच्या टेबलाशी. सांगायला सगळ्यात सोपा माणूस तोच, म्हणून ती थेट त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"अण्णा, आत झालं ती जादू न्हवं," ती म्हणाली. "मला ऐकूच येत न्हाय. लई वर्सं झाली. मी त्या पोराचे ओठ वाचले, बाकी काय न्हाय. हे रक्तातलं न्हवं, मागानं झालंय, माधवीचे कान शाबूत हाईत. पर लपवून सोयरीक करणं बरं न्हवं. आता तुमी म्हणशीला तसं."

परशराम तिच्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी विचारलं, "आन् माझं बोलणं कसं कळतंय तुमास्नी?"

"तुमचं तर सगळ्यात सोपं."

ते हसायला लागले. खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसणं थांबेना. मग त्यांनी गळ्याचा पांढरा रुमाल सोडला. गळ्याच्या खळगीत बोटभर भोक होतं आणि त्यावर बारीक जाळी.

"मला आवाजच न्हाय, ईनबाई," परशरामांचे ओठ म्हणाले. "दोन वर्सं झाली. गळ्याचं ऑपरेशन झालं त्यात गेला. वखारीत माझी हाक चार गल्ल्यांपलीकडं जायाची. आता मोबाईलवर लिव्हून दावतो. डॉक्टरनं मशीन दिलीती, पर तिचा आवाज भोंग्यागत, मला न्हाय सोसला."

परशरामांना आवाज नाही हे यल्लाप्पाला, माधवीला, साऱ्या जगाला कानांनी कळलं होतं. म्हणूनच ते तिला वेगळं सांगायची गरज कुणाला वाटली नाही. वडगावची बाई ओठांवरचं वाचते यात त्यांना नवल नव्हतं. आणि तिला ज्या एकाच माणसाचं बोलणं नीट कळतं असं वाटत होतं, त्याला वाचाच नव्हती.

"तुमच्या घरी आलतो," ते पुढं म्हणाले, "तवा तुमी साखर किती म्हणून इचारलासा. मी सवयीनं तोंड हलीवलं, आन् तुमी दोन चमचे घाटलासा. दोन वर्सांत मला परत 'काय?' म्हणून न इचारणारं पयलं माणूस तुमीच. जाताना गाडीतच मी मंथनला लिव्हून दावलं, सोयरीक हीच. आज नुसतं सांगायचं ऱ्हायलंतं."

आपल्याला ते ईनबाई, म्हणजे विहीणबाई, म्हणाले, हे जयवंताला आत्ता कुठं उमगलं. शब्द मिळाला होता. तिनं दोन्ही हात जोडले, आणि ती रडतेय असं लांबून बघून सगळे धावत आले. मंथन आला, माधवी आली, यल्लाप्पा हातातला चहा सांडत आला. जयवंतानं त्यांच्यादेखत पुन्हा सगळं सांगून टाकलं. माधवीनं आईचा हात धरला. यल्लाप्पा म्हणाला, आयला, म्हणून माझ्या मिशांवर राग व्हय.

यशोदाबाईनं मात्र जयवंताचा दंड धरला. घाईनं तिनं काहीतरी विचारलं, मग लक्षात येऊन पदर बाजूला केला आणि तोंड समोर आणून सावकाश म्हणाली, "ह्ये काय म्हणत्यात ते सगळं कळतंय तुमास्नी?"

"व्हय."

"मला न्हाय कळत." यशोदाबाईनं नवऱ्याच्या मोबाईलकडं बोट केलं. "ते लिव्हत्यात, आन् मला वाचाय येत न्हाय. मंथन रविवारी येतोय तवा वाचून दावतोय. पर पोराच्या तोंडानं नवराबायकोचं किती बोलायचं?"

परशराम बायकोकडं बघत होते. त्यांनी एकदा मंथनकडं पाहिलं, मान खाली घातली, मग वर केली, आणि त्यांचे ओठ हलू लागले. जयवंता त्या ओठांकडं बघत, ते म्हणतील ते म्हणू लागली. हळू बोलणं बहिऱ्या माणसाला कुठलं जमायला? तिचा मागावरचा आवाज साऱ्या आवारात गेला आणि चहाच्या टेबलापाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली.

"येशे, दवाखान्यात तू माझ्या उशाशी बसून ऱ्हायलीस. मला सुद आली तवा तुला हाक माराय तोंड उघडलं, आन् आवाज आला न्हाय. ती हाक तशीच ऱ्हायलीय. पोराला कसं लिव्हून देऊ? तू हुतीस म्हणून मी हाय. एवढंच सांगायचं हुतं."

यशोदाबाई रडली नाही. नवऱ्याच्या बाहीला लागलेली गुलमोहराची पाकळी तिनं झटकली, आणि हात तिथंच राहू दिला.

"अजून काय म्हणत्यात?" तिनं जयवंताला विचारलं.

परशराम बोलतच होते. जयवंता सांगत राहिली.